कीवर्ड भरूनही पान गुगलवर दिसत नाही? या क्रमाने तपासा

कोकणातल्या वेबसाइटींचं एक दुखणं ठरलेलं आहे. होमस्टे असो, हापूसची पेटी असो, कोकम-काजूचं दुकान असो की भटकंतीचं लिखाण, पान गुगलवर खाली घसरलं की मालक त्यात आणखी कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द, घालतो. पान आणखी खाली जातं. मग आणखी कीवर्ड. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला.

खाली तपासण्या क्रमाने दिल्या आहेत. फुकटच्या आणि दोन मिनिटांत होणाऱ्या आधी, वेळ आणि पैसा खाणाऱ्या नंतर. क्रम मोडू नका. घोडं बहुतेक वेळा पहिल्या चारांतच पेंड खात असतं, आणि तिथे दोष असेल तर पुढचं सगळं काम वाया जातं.

लक्षणं

- पानाचं नेमकं शीर्षक टाकून शोधलं तरी पान सापडत नाही.
- सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गुगलचं फुकट साधन) इंप्रेशन, म्हणजे निकालात पान किती वेळा दिसलं तो आकडा, भरपूर, क्लिक जवळजवळ नाहीत.
- क्लिक येतात पण भलत्याच लोकांचे. पान मुरुड-जंजिऱ्याचं, आणि माणसं दापोलीच्या मुरुडला जाणारी.
- एकाच शोधावर आज तुमचं एक पान दिसतं, उद्या दुसरं, आणि दोन्ही तळाला.
- लोक पान उघडून फोन करतात आणि पानावर जे असायला हवं होतं तेच विचारतात.
- मजकूर मोठ्याने वाचताना तुमचीच जीभ अडखळते.

पहिलं लक्षण असेल तर तपासणी २ आणि ३ नीट करा, कारण तिथे कीवर्डचा संबंध बहुधा नसतोच. शेवटची दोन लक्षणं असतील तर तपासणी ४ तुमच्यासाठीच लिहिली आहे.

१. आधी कॅलेंडर बघा

हापूसच्या पानावरचे क्लिक जूनमध्ये कोसळले तर तो दोष नव्हे, हंगाम संपला. तारकर्लीच्या स्कूबाचं पान पावसाळ्यात झोपतं कारण तेव्हा समुद्रातले खेळ बंद असतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही तेव्हा बंद. शोधणारेच कमी झाले तर कीवर्ड वाढवून ते परत येत नाहीत.

सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात तारखेवर टिचकी मारा, 'तुलना' निवडा आणि हे तीन महिने मागच्या वर्षीच्या याच तीन महिन्यांशी ताडून बघा. एप्रिलची तुलना मार्चशी करण्यात अर्थ नाही. तिथे फक्त १६ महिन्यांचा डेटा राहतो, म्हणजे वर्षाशी वर्ष असं फार तर चारच महिने ताडता येतात. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला अहवाल उतरवून ठेवा. आंबेवाल्यांनी तर नक्कीच, कारण त्यांचं वर्ष तीन महिन्यांचं असतं.

गुगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून तोच शब्द बघता येतो. तिथला ० ते १०० हा आकडा किती लोकांनी शोधलं याचा नाही. सर्वात वरच्या टोकाला १०० मानून बाकीची पातळी दाखवलेली असते. हंगामाचा चढउतार बघायला तो पुरेसा आहे, गिऱ्हाइकं मोजायला निरुपयोगी.

२. पान गुगलकडे पोचलंय का

गुगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला लागून कोलन आणि त्याला लागूनच तुमचा पत्ता टाका. मध्ये जागा सोडू नका. तुमची पानं यायला हवीत. ही यादी पूर्ण असेलच असं नाही, पण एकही पान आलं नाही तर मामला गंभीर.

पक्कं उत्तर सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये मिळतं. पानाचा पत्ता वरच्या पट्टीत टाका. पान इंडेक्समध्ये, म्हणजे गुगलच्या नोंदवहीत, नसेल तर कारणही तिथेच लिहिलेलं असतं. 'नोइंडेक्स' (हे पान नोंदवू नका, असा गुगलला निरोप) दिसलं आणि साइट वर्डप्रेसवर बांधलेली असेल तर तिच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा. सर्च इंजिनांना साइट इंडेक्स न करण्याची विनंती करणारा एक चौकोन तिथे असतो. साइट बांधताना डेव्हलपर त्यावर खूण करतो आणि साइट सुरू झाल्यावर काढायला विसरतो. ती खूण असेपर्यंत पानात काहीही लिहा, गुगल ते ठेवणार नाही.

३. अक्षरं खरी आहेत का

मराठी साइटींवर हा दोष सर्रास सापडतो आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात त्याचा उल्लेखही नसतो.

पानावरचं एक वाक्य कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत चिकटवा. मराठीच आलं तर ठीक. इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी आली तर मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमधला आहे. छापखान्यात पत्रकासाठी तयार केलेला मजकूर तसाच वेबसाइटवर चढवला की हे होतं. फॉन्टमुळे डोळ्याला मराठी दिसतं, पण गुगलला फक्त ती खिचडी मिळते. त्यात 'हापूस' शंभरदा असला तरी गुगलच्या लेखी एकदाही नाही. उपाय सोपा आहे: कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे एकसारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, बदला आणि मग डोळ्यांनी वाचून काढा. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व इकार यांत कन्व्हर्टर हमखास चुकतात.

दुसरा प्रकार पोस्टरचा. दरपत्रक, जेवणाचा मेनू, खोल्यांची माहिती, सगळं एका रंगीत चित्रात आणि पानावर खरा मजकूर दोन ओळी. कंट्रोल आणि एफ दाबून पानावर 'दर' किंवा 'जेवण' शोधा. डोळ्याला दिसतंय पण शोधात सापडत नाही, म्हणजे ते चित्रात आहे. चित्र ठेवा हवं तर, पण तीच माहिती खाली टाइप करा. मोबाइलवर चार बोटांच्या पडद्यात पोस्टर वाचणाऱ्याचेही हाल होतात, तेही टळतील.

'किनाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यांतला ऱ्य नीट उमटलाय का तेही बघा. काही कीबोर्डवर तो 'किनार्यावर' असा येतो. याने पान बुडत नाही, पण वाचणाऱ्याला तो दगड लागतो.

४. मोठ्याने वाचा

पैसे नाही, साधन नाही, फक्त घसा लागतो. आणि दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो. या साच्यातला मजकूर ओळखीचा वाटेल:

*तारकर्ली होमस्टे शोधत आहात? आमचा तारकर्ली होमस्टे हा बेस्ट तारकर्ली होमस्टे आहे. तारकर्ली बीच होमस्टे, स्वस्त तारकर्ली होमस्टे, फॅमिली तारकर्ली होमस्टे हवा असेल तर तारकर्ली होमस्टे बुक करा.*

मोजून बघा. २८ शब्द आहेत, त्यांपैकी 'तारकर्ली' ७ आणि 'होमस्टे' ७. निम्मा परिच्छेद दोन शब्दांनी खाल्ला, आणि खोल्या किती, समुद्र किती लांब, मासे मिळतात का, यातलं एकही उत्तर नाही. गुगलच्या स्पॅम धोरणात अशा भरतीचं नाव घेऊन वर्णन केलेलं आहे. फोन नंबरांच्या याद्या, गावांच्या नावांच्या माळा, आणि ऐकायला विचित्र वाटेल इतक्यांदा तेच शब्द.

आता तेच पान असं:

*तारकर्लीच्या किनाऱ्यापासून चालत चार मिनिटांवर तीन खोल्या. रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला उतरून मालवणला यावं, तिथून रिक्षा मिळते. एका खोलीत दोन मोठी माणसं आणि एक मूल आरामात राहतं, चौथ्यासाठी गादी देतो. जेवण घरचं, मालवणी. मासे त्या दिवशी बाजारात काय येईल त्यावर, शाकाहारी ताट वेगळं. गाडी आवारात लागते. पावसाळ्यात समुद्रात उतरता येत नाही, तेव्हा दर कमी असतात.*

'तारकर्ली' एकदा, 'होमस्टे' एकदाही नाही. तो शीर्षकात आहे, तेवढा पुरे. पण 'किनाऱ्याजवळ राहण्याची सोय', 'कुडाळहून तारकर्लीला कसं जायचं', 'पावसाळ्यात तारकर्ली' अशा कितीतरी शोधांना या परिच्छेदात उत्तर आहे. वरच्यात एकालाही नाही.

इथे मराठीची एक खास अडचण समजून घ्यायला हवी. 'तारकर्ली होमस्टे' हे मराठी वाक्यात बसतच नाही. आपण 'तारकर्लीत', 'तारकर्लीचा', 'तारकर्लीहून' म्हणतो. 'आंबा' वाक्यात शिरला की 'आंब्याची', 'आंब्यांना' होतो, मूळ रूप क्वचितच उरतं. शोधणारा चौकटीत तुकडे टाकतो, कारण त्याला घाई असते. लिहिणाऱ्याने तुकड्यांत लिहायची गरज नाही. शब्दांचा आजूबाजूच्या शब्दांशी असलेला संबंध समजून घेणारी बर्ट ही प्रणाली गुगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजी शोधासाठी जाहीर केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मराठीसह सत्तरहून अधिक भाषांत आणली. विभक्ती लागली म्हणून शब्द हरवला, ही भीती आता बाळगू नये.

मग पानातले कीवर्ड तपासायला साइटला जोडलेल्या प्लगइनचा (छोट्या प्रोग्रॅमचा) दिवा लाल का? कारण ते तुम्ही दिलेला शब्द अक्षरशः तसाच शोधतं. बरीचशी प्लगइनं मराठीची सामान्यरूपं ओळखत नाहीत. तुम्ही 'तारकर्लीतल्या' लिहिलंत, त्याला 'तारकर्ली' हवं होतं, म्हणून लाल. तो दिवा गुगलचा नाही, प्लगइन विकणाऱ्याचा आहे. हिरवा करण्याच्या नादात चांगलं मराठी मोडू नका.

आणि ते 'दोन टक्के घनता' प्रकरण, म्हणजे शंभर शब्दांत दोनदा कीवर्ड हवाच हा सल्ला. असा कुठलाही आकडा गुगलने दिलेला नाही. पानात किती शब्द असावेत याचाही नाही. कामापुरता अंदाज हवाच असेल तर मुख्य शब्द शीर्षकात एकदा, पानावरच्या मोठ्या मथळ्यात एकदा, पहिल्या परिच्छेदात एकदा जो विभक्तीत येईल तसा. पुढे वाक्याला लागेल तेवढाच.

५. शीर्षकात गाव कुठलं आहे ते कळतंय का

कोकणात नावं पुन्हा पुन्हा येतात. मुरुड रायगडात आहे, जंजिऱ्याच्या शेजारी. दुसरं मुरुड दापोली तालुक्यात, हर्णैजवळ. तिसरं लातूर जिल्ह्यात. शिरोडा वेंगुर्ले तालुक्यात आहे आणि गोव्यातही. आरवली वेंगुर्ल्याकडे एक आणि संगमेश्वराकडे, गरम पाण्याच्या कुंडांची, दुसरी. देवगड म्हटलं की आपल्याला आंबा आठवतो, नेवाशाकडच्या माणसाला दत्ताचं देवस्थान.

म्हणून 'मुरुड बीच रिसॉर्ट' या शीर्षकात 'बेस्ट', 'टॉप' वगैरे घालण्यापेक्षा 'मुरुड (दापोली)' किंवा 'मुरुड-जंजिरा' एवढं केलं की भलते क्लिक थांबतात. सर्च कन्सोलमध्ये इंप्रेशन थोडी घटतील. घटू द्या, ती तुमची नव्हतीच.

शीर्षक किती लांब असावं याला अक्षरांची ठरलेली मर्यादा नाही, ते पडद्याच्या रुंदीनुसार कापलं जातं. त्यामुळे गाव आणि वस्तू सुरुवातीला, दुकानाचं नाव शेवटी. तोच शब्द तीनदा घातलेलं शीर्षक गुगल बरेचदा स्वतःच बदलतं आणि पानावरच्या मथळ्यातून दुसरं बनवतं. निकालात तुमच्या शीर्षकाऐवजी भलतंच दिसत असेल तर हे कारण तपासा.

मेटा डिस्क्रिप्शनने, म्हणजे निकालात शीर्षकाखाली दिसावं म्हणून लिहिलेल्या वर्णनाने, क्रमांक वाढत नाही. पण नीट लिहिलं आणि गुगलने तेच दाखवलं तर क्लिक वाढतात. इंप्रेशन भरपूर आणि क्लिक नाहीत, या लक्षणावर स्वस्तातला स्वस्त उपाय हाच. 'आंबा घरपोच' याच्या जागी 'अढीत पिकवलेला हापूस, दोन डझनांची पेटी, पुण्याला घरपोच' लिहून बघा.

६. शब्द तुमचे आहेत की गिऱ्हाइकाचे

परफॉर्मन्स अहवालात आधी पान निवडा, मग 'क्वेरीज' उघडा. लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते दिसतं. अगदी विरळ शोध गुगल झाकून ठेवतं, त्यामुळे ओळींची बेरीज एकूण आकड्याशी जुळणार नाही, घाबरू नका. इंप्रेशन आहेत पण क्लिक नाहीत अशा ओळी वेगळ्या काढा. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: याचं उत्तर पानावर आहे का? नसेल तर उत्तर लिहा. नुसता शब्द चिकटवू नका. पानावर उत्तर नसताना शब्द आणला तर माणूस येतो आणि हात हलवत परत जातो.

मालवणात 'सुंगटां' म्हणतात, पुण्यातला माणूस 'कोळंबी' शोधतो. 'इसवण' शोधणारे थोडे, 'सुरमई' शोधणारे पुष्कळ. घरात 'सोलं', दुकानात 'आमसुलं', आणि सरबत करणाऱ्याला 'आगळ' (कोकमाचा रस) म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. पाहुण्याचा शब्द मथळ्यात घ्या आणि आपला शब्द मजकुरात एकदा अर्थासकट सांगा: 'सुरमई, म्हणजे आमच्याकडची इसवण'. दोन्ही शब्द आले, वाक्यही बिघडलं नाही, आणि वाचणाऱ्याला काहीतरी नवं कळलं. याच्या उलट, तळाला 'सुरमई, सुरमाई, इसवण, विसवण' अशी माळ लावली तर ती स्पॅम.

वेंगुर्ला की वेंगुर्ले, गणपतीपुळे की गणपतिपुळे, यावर डोकं खपवू नका. एक रूप धरा आणि साइटभर तेच ठेवा. नेहमीच्या लेखनभेदांना गुगल बहुतांशी सांभाळून घेतं. रोमन लिपीत मराठी टाइप करणारे पुष्कळ आहेत म्हणून मराठी मजकुरात रोमन शब्द पेरायचीही गरज नाही. इंग्रजी वाचणारं गिऱ्हाईक खरंच असेल तर इंग्रजीत वेगळं, पूर्ण पान करा.

विकतचं कीवर्ड साधन घेण्याआधी फोनजवळ वही ठेवा. एप्रिलचा एक आठवडा, येणाऱ्या प्रत्येक फोनमधला पहिला प्रश्न जसाच्या तसा लिहा. पेटी केवढ्याला? कच्चे पाठवता की पिकलेले? किती दिवसांत खायचे? साका निघाला तर? कार्बाइड नाही ना? खरा हापूस ओळखायचा कसा? मराठी शोधासाठी ही यादी बहुतेक साधनांच्या यादीपेक्षा सरस निघते, कारण मराठी शब्दांसाठी त्या साधनांकडे डेटा तुटपुंजा असतो. प्रत्येक प्रश्न पानावर उपमथळा म्हणून घ्या आणि खाली दोन-चार ओळींत सरळ उत्तर. साक्याबद्दल लिहायला विक्रेते कचरतात. लिहा. आंबा बाहेरून छान दिसतो आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो, तर पैसे परत की आंबा बदलून, हे ज्याने स्पष्ट लिहिलं त्याच्या पानावर माणूस थांबतो.

एक खटकणारी गोष्ट इथेच. 'देवगड हापूस' जास्त शोधला जातो म्हणून कुठल्याही आंब्याच्या पानावर तो शब्द घालू नये. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. कर्नाटकातल्या फळाला हे नाव लावणं ही कीवर्डची युक्ती नाही, फसवणूक आहे.

७. पानांची भाऊबंदकी

'तारकर्ली होमस्टे', 'तारकर्लीत राहण्याची सोय', 'तारकर्लीतील स्वस्त खोल्या', 'तारकर्ली बीचजवळ मुक्काम': चार कीवर्ड म्हणून चार पानं. चौघे एकाच वाटणीच्या जमिनीवर भांडतात आणि पीक कोणाच्याच हाती लागत नाही. ओळखायचं कसं? अहवालात तो शोध निवडा आणि 'पेजेस' बघा. एकाच शोधावर दोन-तीन पानं पाळीपाळीने दिसत असतील तर भाऊबंदकी आहे.

इंप्रेशन आणि क्लिक सर्वात जास्त असलेलं पान कर्ता धरा. बाकीच्यांतला खरोखर वेगळा असलेला मजकूर त्यात आणा. मग बाकीच्या पत्त्यांवरून कर्त्याकडे ३०१, म्हणजे कायमचं वळण लावा. नुसतं डिलीट करू नका. त्या पत्त्यांना बाहेरून आलेले दुवे तुटतात आणि जुनी लिंक पाठवलेला माणूस रिकाम्या पानावर आपटतो. वळण किमान वर्षभर राहू द्या. आणि साइटच्या मेनूतल्या, जुन्या लेखांतल्या लिंकही नव्या पत्त्यावर वळवा, हे हटकून राहतं.

याचाच थोरला भाऊ म्हणजे 'हापूस घरपोच पुणे', 'हापूस घरपोच नाशिक', 'हापूस घरपोच ठाणे'. मजकूर तोच, फक्त शहर बदललेलं. याला गुगल डोअरवे म्हणतं आणि ते धोरणाबाहेर आहे. शहरागणिक दर, पोचण्याचे दिवस, उचलण्याचं ठिकाण खरंच वेगळं असेल तर पान ठेवा. नसेल तर एकाच पानावर तक्ता करा: शहर, दिवस, भाडं. एआयकडून एका रात्रीत शंभर गावांची शंभर पानं काढून घेण्याचा मोह आता बऱ्याच जणांना होतो. मार्च २०२४ मध्ये गुगलने घाऊक मजकुराविरुद्धचं धोरण स्पष्ट केलं, आणि त्यात पान माणसाने लिहिलं की यंत्राने याला महत्त्व नाही. वाचणाऱ्याला फारसं काही न देता क्रमांकासाठी पानांची रास घातली की ते लागू होतं.

८. जुनी अडगळ

मेटा कीवर्डची, म्हणजे वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या कीवर्डच्या यादीची, चौकट रिकामी ठेवा. शोधाचा क्रम लावताना ती वापरत नाही हे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच सांगितलंय. अजून कोणी ती भरून देण्याचे पैसे मागत असेल तर त्याच्या बाकीच्या सल्ल्याचीही किंमत कळते.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर आजच काढा. पानावर कंट्रोल आणि ए दाबलं की ती निळ्या पट्ट्यात उघडी पडतात. तळाशी 'आमची सेवा: मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी...' अशी पन्नास गावांची माळ असेल तर तीही. चित्रांच्या ऑल्ट मजकुरात (चित्र न दिसणाऱ्यासाठी त्याच्या जागी असलेला मजकूर) चित्रात काय आहे ते लिहा: 'पेंढ्यात ठेवलेले हापूस आंबे'. 'हापूस आंबा ऑनलाइन खरेदी स्वस्त' हे चित्राचं वर्णन नाही, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला ते ऐकावं लागतं.

पत्त्यातल्या देवनागरीने क्रमांक बिघडत नाही, पण लिंक कॉपी केली की प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात. 'हापूस' म्हणजे पाच चिन्हं, झाली ४५. व्हॉट्सअ‍ॅपवर टक्क्यांच्या चिन्हांची ती माळ बघून लोक लिंक उघडायला बिचकतात. नव्या पानांना छोटा रोमन पत्ता द्या. चालू पानांचे पत्ते मात्र केवळ यासाठी बदलू नका.

गुगलच्या नकाशावरच्या व्यवसाय-नोंदीत नाव तेच हवं जे पाटीवर आहे. नावात 'बेस्ट एसी रूम्स तारकर्ली मालवण' जोडणं नियमाबाहेर आहे आणि नोंद निलंबित होऊ शकते. ऐन मे महिन्यात ती गेली तर परत मिळेपर्यंत हंगाम संपतो.

किती थांबायचं

एका वेळी एकच बदल, वहीत तारीख घालून. यूआरएल इन्स्पेक्शनमधून इंडेक्सिंगची विनंती एकदाच करा. रोज केल्याने रांग पुढे सरकत नाही. गुगल पुन्हा येऊन वाचायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी शीर्षक पुन्हा बदललंत तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. आंब्याचं पान सुधारायचं तर डिसेंबर-जानेवारीत, मोहोराच्या वेळी. पेट्या निघायला लागल्यावर नाही.

इथे हात थांबवा आणि जाणकाराला बोलवा

सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' उघडा. तिथे काही नोंद असेल तर गुगलच्या माणसाने तुमची साइट तपासून कारवाई केलेली आहे. दोष पूर्ण काढून फेरविचाराची विनंती करावी लागते. अर्धवट सफाई करून पाठवलेली विनंती नाकारली जाते. कीवर्डची भरती दोन-चार पानांपुरती असेल तर स्वतः निस्तरता येईल, बाहेरून विकत घेतलेल्या लिंकांचा मामला असेल तर नाही.

तपासणी २ मधल्या शोधात तुमच्या पत्त्याखाली जपानी अक्षरांची किंवा औषधांच्या जाहिरातींची पानं दिसली तर साइट हॅक झाली आहे. ती पानं एकेक करून पुसत बसू नका, मागचं दार उघडंच राहतं आणि ती परत येतात. होस्टिंग कंपनीला कळवा, पासवर्ड बदला आणि जाणकार गाठा.

डोमेन, होस्टिंग किंवा थीम बदलल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सगळी पानं एकदम गेली, तर दोष मजकुरात नाही, वळणांत किंवा सेटिंगमध्ये आहे. त्या वेळी मजकुराला हात लावलात तर शोधणं आणखी अवघड होतं. मराठी आणि इंग्रजी पानं एकमेकांना भाषा-खुणांनी (कुठलं पान कुठल्या भाषेचं ते गुगलला सांगणाऱ्या) जोडायची असतील तरी जाणकारच बोलवा.

घसरण गुगलच्या मोठ्या कोअर अपडेटच्या (क्रम लावण्याच्या पद्धतीतल्या मोठ्या बदलाच्या) दिवसांत झाली असेल तर ते पूर्ण व्हायची वाट बघा, त्यानंतर एक आठवडा जाऊ द्या आणि मगच आकडे ताडा. अपडेट कधी सुरू झालं, कधी संपलं, हे गुगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर लिहिलेलं असतं.

जाणकार निवडताना पहिल्या क्रमांकाची हमी देणारा पहिल्याच फोनला बाद करा, तशी हमी कोणालाच देता येत नाही. 'महिन्याला इतके कीवर्ड' या हिशेबाने दर सांगणाराही नको. गुगलचा तुमचा पासवर्ड कोणालाही देऊ नका. सर्च कन्सोलमध्ये त्याला वेगळा वापरकर्ता म्हणून जोडता येतं. नुसतं बघायचं असेल तर 'रिस्ट्रिक्टेड', काम करायचं असेल तर 'फुल', आणि 'ओनर' तुम्हीच. काम संपलं की नाव काढून टाका.

त्याच्या हाती वहीतल्या बदलांच्या तारखा, मागच्या वर्षीचा उतरवलेला अहवाल, मॅन्युअल अ‍ॅक्शन्सच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची यादी द्या. एवढं समोर असेल तर त्याचे पहिले काही तास, ज्यांचे पैसे तुम्ही मोजणार, शोधाशोधीत जात नाहीत.